आधी निदान, मग दुरुस्ती

सकाळी शाळेची वेळ झालेली आणि गाडी सुरूच होत नाही. चावी फिरवली की नुसतं 'टक्‌ टक्‌'. आपण लगेच म्हणतो, "बॅटरी गेली वाटतं!" मीही तेच म्हणालो. नवी बॅटरी बसवली, आणि आठवड्यात गाडी पुन्हा बंद! दोष अल्टरनेटरचा निघाला. तो बॅटरी चार्जच करत नव्हता.

खरं तर पाच मिनिटांची तपासणी पुरली असती. आधी बॅटरीचे टर्मिनल सैल आहेत का, त्यांवर पांढरी-हिरवी पूड साचली आहे का, ते पाहायचं. मग मल्टिमीटर लावायचा. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. जंपर केबल लावून इंजिन सुरू केलं, की बहुतेक गाड्यांत हा आकडा 13.8 ते 14.4 च्या आसपास जायला हवा. तो वाढतच नसेल, तर बिघाड चार्जिंगमध्ये आहे.

म्हणून गॅरेजमध्ये "किती खर्च येईल?" याआधी "कशावरून म्हणता?" हे विचारा. चांगला मेकॅनिक रागावत नाही, मोजून दाखवतो. जमलं तर मुलांनाही सोबत न्या. लक्षण, अंदाज, तपासणी, निष्कर्ष हा विज्ञानाचा धडा तिथे डोळ्यांसमोर घडतो.

आणि शिक्षक-पालकहो, गणितात मागे पडलेल्या मुलाला आपण लगेच क्लास लावतो, तेव्हा तरी वेगळं काय करतो? कदाचित त्याला फळाच नीट दिसत नसेल. आधी तपासून तर पाहू या!