तिकीट मिळालं, पण पोरं?

संगणकाचं सगळंच सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, मैत्रिणींनो. ‘डेबियन’ ही संगणक चालवणारी प्रणाली १९९३ पासून जगभरातले स्वयंसेवक घडवताहेत, तीही फुकट वाटण्यासाठी. एरवी ही मंडळी ई-मेलवरच भेटतात. म्हणून २००० पासून त्यांचं संमेलन भरू लागलं, ‘डेबकॉन्फ’. २०२३ मध्ये ते आपल्याकडे कोचीला झालं.

व्याख्यानं असतातच. पण त्याआधीचे काही दिवस नुसते शेजारी बसून काम करण्यासाठी राखलेले असतात. एका संध्याकाळी आपापल्या मुलखाचं खाणं आणायचं, एक दिवस सहल! महिला मंडळ चालवणारीला यातली मेख लगेच कळेल. नवी बाई पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसून राहिली, की पुन्हा फिरकत नाही. इथंही तेच. नवख्यानं पाठवलेल्या दुरुस्तीला उत्तर आलं नाही, तर तो गुपचूप गळतो. ओळख झालेली असली की निदान विचारायला तरी धजावतो.

बायका फारच कमी, म्हणून २००४ मध्ये ‘डेबियन विमेन’ हा गट निघाला. संमेलनाला येण्यासाठी अर्ज केला तर प्रवासखर्चही मिळू शकतो. पण आठवडाभर पोरं कोण सांभाळणार? अशा संमेलनांच्या पत्रिकेत व्याख्यानांच्या आधी पाळणाघराची वेळ छापावी, असं मी तर म्हणेन.