निकालानंतर, कॉलेजच्या आधी

बारावीचा निकाल लागला. पेढे वाटून झाले, आता प्रवेशाच्या फेऱ्यांची वाट पाहणं. परीक्षा मार्चमध्ये संपते आणि कॉलेजचे वर्ग भरायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. इंजिनीअरिंगवाल्यांचं तर त्याहूनही लांबतं. या मधल्या महिन्यांत गावोगावची कितीतरी मुलं-मुली कापडाच्या दुकानात, मेडिकलमध्ये, झेरॉक्सच्या टपरीवर कामाला लागतात. निकालाच्या दिवशी टक्केवारीचीच चर्चा होते, या कामाची कुणी दखल घेत नाही. ती घ्यायला हवी.

जूनमधलं वह्या-पुस्तकांचं कुठलंही दुकान पाहा. शाळा उघडायला दोन दिवस उरलेले, काउंटरवर तीन-चार रांगा गर्दी. आतली मुलगी नुकतीच बारावी झालेली. एकरेघी, दुरेघी, चारेघी, चौकटीची, शंभर पानी, दोनशे पानी. कुठली वही कुठल्या फळीवर हे तिच्या हाताला आता पाठ झालं आहे. समोरची बाई यादी देते, बेरीज ऐकते आणि जरा थांबून म्हणते, ‘‘कंपास राहू दे, मागच्या वर्षीचा आहे.’’ मुलगी कंपास बाजूला ठेवते, काही न बोलता नव्यानं बेरीज करते आणि दोनशे पानी वह्यांऐवजी शंभर पानी चालतील का, हे हळूच विचारते. रांगेतल्या बाकीच्यांना ते ऐकू जात नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

शाळेत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. दुकानात तसं नसतं. गिऱ्हाईकाला नेमकं काय हवं आहे हे कधीकधी त्यालाच सांगता येत नाही, ते काढून घ्यावं लागतं. रात्री गल्ला जुळला नाही तर ‘सर, राहिलं’ म्हणून चालत नाही, पुन्हा मोजावं लागतं. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दुखायला लागल्या की वडील घरी आल्यावर अर्धा तास कुणाशी बोलत का नाहीत, हेही कळतं. पहिला पगार हातात आला की प्रत्येक वस्तूची किंमत कामाच्या दिवसांत मोजण्याची सवय लागते. कॉलेजच्या फीकडे अशी मुलगी वेगळ्या नजरेनं पाहते, आणि वर्गात बसण्याकडेही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार आधी ओळखलं होतं. किर्लोस्करांचे नांगर विकत ते स्वतः गावोगाव फिरले होते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. तिथे श्रम होते ते शिक्षणासाठी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना याच विचारातून आलेली आहे.

हा क्रम उलटा होण्याची भीती मात्र खरी आहे. घरची ओढाताण असली की तीन महिन्यांची नोकरी कायमची होते आणि प्रवेश ‘पुढच्या वर्षी बघू’वर जातो. ‘अजून शिकतोय’ म्हणून हातावर चार पैसे टेकवणारे मालकही आहेत. किमान वेतनाचा कायदा देशात १९४८ मध्ये आला. यातली बरीच मुलं सतरा वर्षांची असतात, आणि २०१६ च्या दुरुस्तीनं अठराच्या आतल्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी केली आहे. दुकानदारांनी हे दोन्ही लक्षात ठेवावं.

पालकांकडून एवढीच अपेक्षा, की ‘तुला काय कमी आहे?’ म्हणून मुलांना अडवू नये. प्राध्यापकांनी पहिल्या तासाला टक्केवारीबरोबर ‘सुट्टीत काय काम केलंस?’ हेही विचारावं. आणि मालकांनी पगार ठरल्या तारखेला द्यावा. प्रवेशाच्या यादीत नाव लागल्याचा मेसेज भर गर्दीच्या दुपारी आला, तरी कागदपत्रं घेऊन धावायला त्या मुलीला सुट्टी मिळाली पाहिजे, आणि त्या दिवसाचा पगार कापला जाता कामा नये.