उत्तराची पारख

समुद्र प्रथमच पाहणाऱ्या मुलाच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. दूरवर पसरलेले पाणी निळेशार दिसते. परंतु तेच पाणी ओंजळीत घेतले, तर त्यात निळेपणाचा लवलेशही आढळत नाही. मग हा रंग येतो कोठून? जवळचे वडीलधारे माणूस सांगते, “अरे, आकाश निळे असते, त्याचेच प्रतिबिंब पाण्यात पडते.” मुलाचे समाधान होते आणि प्रश्न तेथेच मिटतो. क्वचित एखादे मूल पुन्हा विचारते, “पण हे कशावरून?” तेव्हा मात्र “शहाणपणा पुरे!” असे म्हणून त्याला गप्प बसविले जाते. वस्तुतः या दोन प्रश्नांपैकी दुसराच अधिक मोलाचा आहे. प्रश्न विचारणे हे जिज्ञासेचे लक्षण खरे; परंतु मिळालेले उत्तर पारखून घेणे हे विद्येचे लक्षण होय.

प्रतिबिंबाचे हे उत्तर काही एखाद्या अडाण्याचे नव्हते. इंग्लंडमधील विख्यात शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचेही मत तेच होते. आकाश निळे का दिसते, याचा उलगडा याच रॅले यांनी केला होता. सूर्याच्या पांढऱ्या भासणाऱ्या प्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात. हवेतील अतिसूक्ष्म रेणू त्यांपैकी निळा प्रकाश तांबड्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात चहूकडे विखुरतात, म्हणून आकाश निळे दिसते. या विखुरण्यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात. १९०४ साली रॅले यांना नोबेल पारितोषिकही मिळाले होते. एवढ्या थोर पुरुषाने समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब आहे असे सांगितल्यावर शंका कोण घेणार?

ती शंका एका भारतीयाने घेतली. १९२१ साली कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन हे बोटीने इंग्लंडला गेले. त्यांचे वय तेव्हा अवघे बत्तीस वर्षांचे होते. वाटेत भूमध्य समुद्राची गहिरी निळाई पाहून ते मुग्ध झाले. परंतु केवळ मुग्ध होऊन ते थांबले नाहीत. ही निळाई खरोखरच उसनी असेल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला.

परतीच्या प्रवासात ‘नारकुंडा’ या बोटीवर त्यांनी या प्रश्नाची परीक्षा पाहिली. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. खिडकीच्या काचेवर बाहेरच्या उजेडाचे प्रतिबिंब पडले, की खोलीच्या आतले काही दिसत नाही. पण काचेपाशी हाताचा आडोसा केला, की आतले स्पष्ट दिसू लागते. रामन यांनी असाच आडोसा समुद्रावर केला. त्यांच्याजवळ स्फटिकापासून बनविलेला एक लहानसा लोलक होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून विशिष्ट कोनात परावर्तित होणारा प्रकाश हा लोलक योग्य तऱ्हेने धरला असता अडविता येतो. समुद्र जर आकाशाच्या प्रतिबिंबामुळेच निळा असेल, तर ते प्रतिबिंब अडविताच निळाई नाहीशी व्हावयास हवी होती. घडले ते उलटेच! समुद्र अधिकच निळा दिसू लागला. तो रंग पाण्याच्या आतूनच येत होता. बोट मुंबई बंदरात असतानाच, २६ सप्टेंबर १९२१ रोजी, रामन यांनी आपले निरीक्षण ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकाला पत्राने कळविले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाण्याचे रेणूही हवेच्या रेणूंप्रमाणेच प्रकाश विखुरतात, असे रामन यांनी प्रतिपादिले. म्हणजे रॅले यांचे एक उत्तर त्यांनी नाकारले, ते रॅले यांच्याच दुसऱ्या उत्तराचा आधार घेऊन. थोरांविषयी आदर बाळगणे आणि त्यांचे म्हणणे तपासून पाहणे, यांत विरोध मुळीच नाही. किंबहुना तपासणी हाच आदराचा खरा प्रकार आहे.

रामन यांचे उत्तरही पुढे असेच तपासले गेले. पाणी तांबडा प्रकाश थोडा थोडा शोषून घेते. पेल्याभर पाण्यात हे शोषण जाणवत नाही. परंतु कित्येक मीटर खोलीत तांबडा रंग बराच नाहीसा होतो आणि निळा उरतो. रामन यांनी विकिरणाला प्रमुख मानले होते. आज शोषण हेच समुद्राच्या निळाईचे मुख्य कारण समजले जाते, आणि उरलेला निळा प्रकाश विकिरणामुळे माघारी फिरून डोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून काही रामन यांची थोरवी उणावत नाही. समुद्रावर सुरू झालेला शोध त्यांनी कलकत्त्यात वर्षानुवर्षे चालू ठेवला. विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी अल्प अंश आपला मूळचा रंगच बदलतो, असे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना व त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना आढळले. या शोधाबद्दल १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

मुलांनी प्रत्येक गोष्टीवर शंका घेतली, तर शिस्त राहील कशी, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात थोडे तथ्य आहे. नुसते “मला हे पटत नाही” असे म्हणणे सोपे असते. त्यात ना कष्ट, ना विद्या. रामन यांनी शंका घेतली आणि ती खरी की खोटी, हे पाहण्याचा मार्गही स्वतःच शोधला. शंकेला प्रयोगाची जोड नसेल, तर ती केवळ वाद घालण्याची हौस ठरते. आणि जोड असेल, तर तिच्यातून ज्ञान जन्मते.

म्हणून “हे कशावरून?” असे विचारणाऱ्या मुलाला गप्प बसविणे योग्य नव्हे. “चल, आपण पाहू या,” हेच त्याला द्यावयाचे खरे उत्तर होय. आणि मुलानेही प्रश्न विचारून हात जोडून बसू नये. पाहण्याची, मोजण्याची आणि आपली चूक निघाल्यास ती मान्य करण्याची तयारी ठेवावी. समुद्र सर्वांनाच निळा दिसतो; परंतु त्याची निळाई पारखून पाहण्यासाठी हातात लोलक घेणारा एखादाच निघतो.