साडेतीनशे किलोमीटरांचा मजकूर

लंडनचा हीथ्रो आणि पॅरिसचा शार्ल द गोल या दोन विमानतळांमधले सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. वेळापत्रक त्यासाठी सव्वा तासाच्या आसपास अवधी देते. ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या यंत्रास हे अंतर अर्ध्या तासाचेही नाही. उरलेला वेळ धावपट्टीकडे रांगेने सरकण्यात, चढण्या-उतरण्यात आणि उतरायची परवानगी मिळेपर्यंत हीथ्रोवर घिरट्या घालण्यात जातो. शिवाय पॅरिसचे घड्याळ एक तास पुढे. तेथून दहाला निघालेला मनुष्य लंडनच्या घड्याळाने सव्वादहाला पोहोचतो. कागदावर प्रवास पंधरा मिनिटांचा!

साहित्याच्या चर्चेत हे आकडे आणण्याचे कारण असे की, प्रवासवर्णने वाचताना 'दुसऱ्या दिवशी विमानाने पॅरिसला गेलो' या धर्तीचे वाक्य आम्हांस वारंवार भेटते. लेखकाने वेळापत्रकावर विश्वास ठेवला आहे, असे त्यातून दिसते.

डिकन्सने ठेवला नव्हता. १८५९च्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मध्ये ही दोन शहरे जोडणारी वाट १७७५मधल्या एका रात्री, शूटर्स हिलच्या चिखलात सुरू होते. घोड्यांना चढ पेलवत नाही म्हणून उतारू टपालगाडीशेजारून पायी चालतात. तोच डिकन्स १८५१मध्ये 'अ फ्लाइट' या लेखात लंडन-पॅरिस हा प्रवास आगगाडी आणि बोटीने अकरा तासांत करतो, आणि तेथे त्याचे गद्यच धावू लागते. दृश्य टिपावे तोवर ते मागे पडलेले असते. अंतर तेच, पण वाक्याची चाल बदलली. आम्हांस हे शैलीपेक्षा प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते.

२५ ऑगस्ट १९१९ रोजी आजच्या हीथ्रोजवळच्या हाउन्स्लो हीथहून ल बूर्जेपर्यंत दैनंदिन विमानसेवा सुरू झाली, तेव्हा सुमारे अडीच तास लागत. २००७पासून खाडीखालून जाणारी रेल्वे शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत त्याहून कमी वेळ घेते. (शर्यतीत कोण जिंकले, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

विमानात काही घडतच नाही, मग लिहायचे काय, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य नाही. समुद्र नाहीसा झाला; सीमा मात्र नाहीशी झालेली नाही. ती पारपत्र तपासणीच्या रांगेत जाऊन बसली आहे. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात कधीच नव्हते. त्यामुळे भारतीय पर्यटकास या साडेतीनशे किलोमीटरांसाठी सामान्यतः दोन निराळे व्हिसा काढावे लागतात. बँकेचे उतारे, मालकाचे पत्र, परतीचे तिकीट, बोटांचे ठसे आणि मग वाट पाहणे. मराठी प्रवाशाचे लंडन-पॅरिस अंतर येथून सुरू होते, आणि ते आठवड्यांत मोजावे लागते. आमच्या प्रवासवर्णनांत नेमका हाच मजकूर गाळलेला असतो. तो लिहिण्यात कमीपणा वाटतो की काय, कोण जाणे. शूटर्स हिलचा चिखल मात्र आम्ही वर्गात कौतुकाने शिकवतो.