हेरकथेतला राजा

हेरकथेत खरा राज्यकर्ता खऱ्या नावानिशी आणला की लेखकाच्या हातातली निम्मी पाने आधीच उघडी पडतात, कारण तो सत्तेवर कधी आला, कधी गेला आणि कसा मरण पावला हे वाचकाला पुस्तक हातात घेण्यापूर्वीच ठाऊक असते. फ्रेडरिक फोर्सिथ यांच्या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द डे ऑफ द जॅकल’ या कादंबरीत एक भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या जिवावर उठलेला आहे. परंतु द गॉल ९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या गावच्या घरी नैसर्गिक मरणाने गेले होते, म्हणजे मारेकऱ्याचा बेत फसणार हे उघडच होते. तरीही ती कादंबरी खाली ठेववत नाही, याचे कारण असे की द गॉल तिच्यात जवळजवळ नसतातच. असते ती मारेकऱ्याची बनावट कागदपत्रे जमवण्याची चिकाटी, खास घडवून घेतलेली बंदूक आणि त्याच्या मागावर निघालेला एक साधासा पोलीस अधिकारी. अखेरीस गोळी सुटते त्याच क्षणी उंच द गॉल एका जुन्या सैनिकाला पदक लावून, फ्रेंच रीतीप्रमाणे त्याच्या गालाचे चुंबन घेण्यासाठी वाकतात आणि नेम चुकतो. राज्यकर्त्याने संपूर्ण कादंबरीत केलेली ही एकच निर्णायक हालचाल, आणि तीही त्याच्या नकळत.

राज्यकर्ता कडेला आणि हेर मध्यभागी, ही रचना पाश्चात्त्यांची देणगी आहे असे समजण्याचे कारण नाही. दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने निघणाऱ्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे, दूरदर्शन भवन आहे आणि १९७१ मध्ये सुरू झालेले कमानी सभागृह आहे. चौकापलीकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि साहित्य अकादमीचे रवींद्र भवन आहे. नाटकवाल्यांच्या या परिसरात संस्कृत नाटकांची चर्चा नेहमीचीच, आणि त्या नाटकांपैकी विशाखदत्ताचे सात अंकी ‘मुद्राराक्षस’ ही तर सरळसरळ हेरकथा आहे. तिच्यात चंद्रगुप्त मौर्य हा इतिहासातला राजा आहे, चाणक्य हा त्याचा मंत्री आहे आणि नंदांचा निष्ठावंत अमात्य राक्षस याला जिवंत व राजी करून आपल्या बाजूला आणणे एवढेच कथानकाचे उद्दिष्ट आहे. (पृथ्वीला विश्वाच्या केंद्रातून हलवणाऱ्या खगोलज्ञाचे नाव असलेल्या रस्त्याला राजाला केंद्रातून हलवणाऱ्या नाटकाचा शेजार लाभावा, हा निव्वळ योगायोग.)

त्या नाटकाचे यंत्र कसे चालते हे जवळून पाहण्याजोगे आहे. यमपट, म्हणजे यमलोकाची चित्रे असलेला पट, दाखवत गाणी म्हणत फिरणारा निपुणक नावाचा हेर चंदनदास या जवाहिऱ्याच्या घरी पोहोचतो; बाहेर धावलेल्या मुलाला एक स्त्री घाईने आत ओढते, तिच्या बोटातली सैल अंगठी उंबऱ्यावर पडून गडगडत हेराच्या पायाशी येते, आणि तिच्यावर राक्षसाचे नाव कोरलेले असते. चाणक्य राक्षसाच्याच मित्राकडून, त्याला पत्ता लागू न देता, एक निनावी पत्र लिहवून घेतो आणि त्यावर ती मुद्रा उठवतो. पुढचा सारा विध्वंस त्या मुद्रेचा. या सर्व काळात चंद्रगुप्त काय करतो? कौमुदीमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या गुरूशी खोटे भांडण करण्याची भूमिका त्याच्या वाट्याला येते, आणि ती वठवतानाही तो मनातून संकोचलेला असतो. विजया मेहता यांनी १९७० च्या दशकात हे नाटक मराठीत बसवले आणि पुढे पूर्व जर्मनीतील वायमार येथे जर्मन नटांकडूनही करून घेतले. ज्या देशात शेजारी शेजाऱ्यावर पाळत ठेवत होता तेथील प्रेक्षकांना निपुणक परका वाटला नसावा.

या नाटकामागे ‘अर्थशास्त्रा’ची परिभाषा उभी आहे. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली त्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० पासून तीन भागांत प्रकाशित केली. तिच्यात एका जागी ठाण मांडून काम करणारे हेर म्हणजे ‘संस्था’ आणि हिंडते हेर म्हणजे ‘संचार’, असा भेद आढळतो. दोन्ही धन्यांकडून पगार घेणाऱ्याला तेथे ‘उभयवेतन’ असा चपखल शब्द आहे, ज्यासाठी आजच्या मराठीला ‘डबल एजंट’ म्हणावे लागते. इतक्या हेरांची गरज पडते ती एकाच कारणाने: राजाला सर्व काही कळत नाही. राजाचे अज्ञान हेच हेरकथेचे इंधन आहे.

मराठी हेरकथेची अडचण नेमकी येथे सुरू होते. शिवछत्रपतींच्या पदरी असलेल्या बहिर्जी नाईकांचा उल्लेख सभासदाच्या बखरीत जासूद म्हणून, सुरतेच्या संदर्भात येतो. समकालीन पुरावा तुटपुंजा असल्याने कादंबरीकाराला मोकळे रान आहे, आणि बहिर्जींवर मराठीत लेखनही भरपूर झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखनात महाराज आधीपासूनच सर्वज्ञ असतात, हेराने आणलेली बातमी त्यांच्या अंदाजाला दुजोरा देण्यापुरती उरते, आणि बहिर्जी वेषांतराचे खेळ करणारा बहुरूपी होऊन बसतो. भक्तीपोटी असे होते हे समजण्यासारखे आहे, तरी त्याने महाराजांचाही तोटाच होतो. कारण अपुऱ्या माहितीवर अचूक निर्णय घेणे ही जी त्यांची खरी थोरवी, ती दाखवायला जागाच राहत नाही.

आधुनिक काळातील मराठी लेखकाने दुसरी वाट धरली, ती नाव न घेण्याची. गुरुनाथ नाईक यांच्या शेकडो रहस्यकथांतले कॅप्टन आणि मेजर देशासाठी जिवावर उदार होतात, पण वाचकाच्या लक्षात राहतो तो कॅप्टन. त्याला पाठवणारे सरकार बिनचेहऱ्याचेच असते. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांत मुख्यमंत्री काल्पनिक आहे आणि तो कोण हे ओळखण्याचा खेळ वाचकावर सोपवलेला आहे. रवींद्र गुर्जर यांच्या अनुवादामुळे घरोघरी पोहोचलेल्या आयर्व्हिंग वॉलेस यांच्या ‘सेकंड लेडी’तील अमेरिकी अध्यक्षही काल्पनिकच होता, तेव्हा हा संकोच केवळ मराठी नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तरी १९८४ या एकाच वर्षाची तुलना बोलकी आहे. त्या वर्षी फोर्सिथ यांच्या ‘द फोर्थ प्रोटोकॉल’मध्ये मार्गारेट थॅचर, पंतप्रधानपदावर असताना, स्वतःच्या नावाने वावरल्या, त्याच वर्षी सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मधील एका वाक्याबद्दल इंदिरा गांधींनी इंग्लंडमध्ये केलेली अब्रुनुकसानीची तक्रार तडजोडीने मिटली आणि ते वाक्य पुढील आवृत्त्यांतून गेले. वाक्य घरगुती दुःखाविषयी होते, त्यामुळे तक्रार गैर म्हणता येत नाही. पण हयात नेत्याचे नाव घेण्याची किंमत त्यातून भारतीय प्रकाशकांना कळली. ज्यांना आतले ठाऊक असते त्यांचे हात तर आणखीच बांधलेले. ‘रॉ’मधून निवृत्त झालेल्या अमर भूषण यांनी २०१२ मध्ये ‘एस्केप टू नोव्हेअर’ ही कादंबरी लिहिली ती नावे बदलून, आणि ३१ मे २०२१ च्या निवृत्तिवेतन नियमांतील दुरुस्तीनंतर गुप्तवार्ता संस्थांतील निवृत्तांना संस्थेच्या कामासंबंधी काही छापायचे तर पूर्वपरवानगी घ्यावी लागते. उलटी गंमत नरसिंह राव यांची: रामटेकचे खासदार राहिलेले आणि हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ साहित्य अकादमीसाठी तेलुगूत नेणारे हे माजी पंतप्रधान १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द इनसायडर’ ही कादंबरी लिहायला बसले तेव्हा त्यांनी राज्याला ‘अफ्रोझाबाद’ असे बनावट नाव दिले, पण नेहरू व इंदिराजींना मात्र त्यांच्याच नावाने आणले. म्हणजे दिवंगतांची नावे घेता येतात. घेण्याची इच्छा हवी.

विषय शोधायला लेखकाला दूर जावे लागणार नाही. कोपर्निकस मार्गापासून पायी जाण्याच्या अंतरावर हेली रोड आहे आणि तेथील एका व्यापारी कार्यालयातून कुमार नारायण नावाचा माणूस अनेक वर्षे केंद्र सरकारची गोपनीय कागदपत्रे परदेशी दूतावासांना पुरवत होता. संध्याकाळी फायली कार्यालयातून निघत, त्यांच्या झेरॉक्स निघत आणि फायली परत जागेवर जात. मोबदला रोख रकमेचा आणि विलायती दारूच्या बाटल्यांचा. जानेवारी १९८५ मध्ये अटका झाल्या तेव्हा त्यांत थेट पंतप्रधान कार्यालयातले कर्मचारी निघाले. राजीव गांधी यांना पंतप्रधान होऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्यांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांच्यावर कोणताही आरोप नव्हता, तरी आपल्या हाताखाली हे घडले म्हणून त्यांनी राजीनामा दिला. नवा, अननुभवी राजा. नकळत फसलेला अमात्य. आणि एका झेरॉक्स यंत्रापाशी उभा राहिलेला उभयवेतन कारकून: विशाखदत्ताला यापेक्षा अधिक सामग्री लागली नव्हती, त्याच्याकडे तर अंगठीच होती.

अलेक्झांडर पुढे १९९३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि साडेनऊ वर्षे मुंबईच्या राजभवनात राहिले. कुमार नारायण २००० मध्ये खटला चालू असतानाच वारला. निकाल लागला तो २००२ मध्ये, ज्या वर्षी अलेक्झांडर यांनी राजभवन सोडले.