‘चवीनुसार मीठ’ आणि रोजेदाराचे स्वयंपाकघर

पाककृतीच्या पुस्तकांतील सर्वांत निष्काळजी शब्द कोणता, असे रमजानमध्ये एखाद्या गृहिणीला विचारले, तर ती ‘चवीनुसार’ हाच शब्द सांगेल. अकरा महिने या शब्दाने कुणाचे काही अडत नाही. रस्स्याचा थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, कमी वाटले तर चिमूटभर मीठ वाढवायचे. रमजानमध्ये मात्र असरच्या नमाजनंतर शेगडीसमोर उभी राहिलेली बाई स्वतः रोज्यात असते. तिने चव घ्यायची कशी?

फिकहच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकावी, घशाखाली काही उतरू देऊ नये. विनाकारण चाखणे मात्र मकरूह. हनफी ग्रंथांत या गरजेचे जे उदाहरण येते ते मोठे बोलके आहे. ज्या बाईचा नवरा तापट आहे, तिला सालनाचे मीठ चाखून पाहण्याची सवलत! मीठ बिघडले तर दोष कुणाच्या माथी येतो, हे शतकांपूर्वीच्या फकीहांना ठाऊक होते. आजच्या बऱ्याच पाककृती-लेखकांना ते ठाऊक असल्याचे दिसत नाही. सवलत असली तरी अनेक बायकांचे मन मानत नाही. मग रोजा नसलेल्या लहानग्याला हाक मारली जाते, त्याच्या हातावर थेंब ठेवला जातो, आणि सात वर्षांच्या त्या परीक्षकाला सगळेच तिखट लागते.

गेल्या काही वर्षांत उपखंडातील मुस्लिम घरांच्या स्वयंपाकावर इंग्रजीत चांगली पुस्तके आली. सादिया देहलवी यांचे ‘जॅस्मिन अँड जिन्स’ (२०१७) दिल्लीच्या घरांतले खाणे सांगते. तराना हुसैन खान यांचे ‘देग टू दस्तरखान’ (२०२२) रामपूरचे किस्से आणि पदार्थ एकत्र मांडते. सुमय्या उस्मानी यांच्या पाकिस्तानी स्वयंपाकघराच्या आठवणींचे (२०२३) तर नावच ‘अंदाझा’ आहे. वाचायला तिन्ही सुरेख. पण पाककृतीच्या कोणत्याही पुस्तकाची खरी परीक्षा ते ओट्यावर उघडे ठेवल्यानंतर सुरू होते, आणि रमजानची संध्याकाळ ही त्यातली सर्वांत कठीण परीक्षा. मगरीबची अजान कुणासाठी थांबत नाही. चव घेता येत नाही. ताटे चार मांडायची की बारा, हेही कधी कधी शेवटच्या अर्ध्या तासात ठरते.

निहारीचेच पाहा. कृतीत लिहिलेले असते की रात्रभर मंद आचेवर शिजवा. सिलिंडरच्या भावात रात्रभर शेगडी कोण पेटती ठेवणार? घरोघरी निहारी कुकरमध्ये होते. पण उघड्या देगेतले पाणी आटते, कुकरमधले फारसे आटत नाही. देगेसाठी लिहिलेले पाणी कुकरमध्ये ओतले, तर निहारीऐवजी पातळ शोरबा ताटात येतो. तो आटवायला बसावे, तर आधी बेताचे असलेले मीठ रस्सा आटेल तसे चढत जाते. शिवाय महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे. इथली निहारी म्हशीच्या नाहीतर बकऱ्याच्या मांसाची, आणि दोन्हींना शिजायला लागणारा वेळ वेगवेगळा. दिल्ली-लखनौकडे पाहून लिहिलेल्या कृतीत कल्याणच्या किंवा मालेगावच्या ओट्याचा हा हिशेब कुठून येणार?

हिशेब अवघड मुळीच नाही. एक किलो मटण, पाव किलो कांदा, पाव किलो दही आणि अर्धा लिटर पाणी, म्हणजे सुमारे दोन किलोचा ऐवज. शंभराला एक या प्रमाणात मीठ वीस ग्रॅम, म्हणजे सपाट साडेतीन छोटे चमचे. त्यातले पंधरा ग्रॅम आधी घालावे आणि उरलेले वाटीत काढून ठेवावे. खजुराने रोजा सोडला की चव घेऊन लागेल तेवढे वरून घालता येते. एवढी दोन वाक्ये छापायला कितीशी जागा लागते?

यावर एक आक्षेप ठरलेला. आमच्या नानी-दादींनी कधी वजनकाटा पाहिला होता का? त्यांचा सगळा कारभार अंदाजाने, आणि तरी रमजानमध्येही त्यांच्या हातचे मीठ चुकत नसे. हे खरेच आहे. पण तो अंदाज म्हणजे अदमासपंचे काम नव्हते. रोजचे तेच पातेले, मिठाच्या डब्यातला तोच लाकडी चमचा, तांदळावर बोटाच्या पेरापर्यंत पाणी, ही मापेच होती. मसाला भाजला गेल्याचे नाक सांगत असे, तेल सुटल्याचे डोळे. यातले काहीच रोज्याने बंद होत नाही. अडचण इतकीच, की पातेले बदलले, घर बदलले, मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, की ते माप मागेच राहते. तिला फोनवर ‘अंदाजाने घाल’ सांगून काय उपयोग?

मराठीत हे काम फार आधी झाले आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण दिले, म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना ते पुस्तक आधाराचे वाटले. मराठी पुस्तकांत मुस्लिम घरांतले पदार्थ मात्र बहुधा शेवटच्या ‘मोगलाई’ प्रकरणात येतात. बिर्याणी, कोर्मा, शाही तुकडा, संपले! कोकणी मुस्लिमांचे मटणाच्या रश्शाबरोबरचे सांदण, औरंगाबादचा नान-खलिया, मराठवाड्यातली खट्टी दाल यांतले मोगलाई म्हणावे असे थोडेच. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मध्ये मराठवाड्यातील दलित समाजांचे खाणे मराठीत नोंदवले आणि २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही आले. ज्या ताटाकडे पुस्तकांनी पाहिले नव्हते, ते ताट त्यांनी पानावर आणले. महाराष्ट्रातील मुस्लिम ताटावर असे मराठी पुस्तक हवे, आणि तेही नवाबांच्या किश्श्यांशिवाय. रोज संध्याकाळी दस्तरखानावर बसतो तो काही नवाब नसतो. कांदाभजी, हरभऱ्याची उसळ, कापलेले कलिंगड, कालच्या खिचड्याचे उरलेले वाडगे, एवढ्यावर बहुतेक घरांचा रोजा सुटतो.

असे पुस्तक लिहायला घेणाऱ्याने शाबान महिन्यातच एखाद्या वृद्ध खालाच्या ओट्यावर वजनकाटा नेऊन ठेवावा. तिने मुठीत मीठ घेतले की ते पातेल्यात पडण्याआधी काट्यावर टाकायला सांगावे. ती दोनदा चिडेल, तिसऱ्यांदा हसून मूठ पुढे करेल. आकडा तेव्हाच लिहून घ्यावा.