ध्रुवावरचे काळे तेल आणि २०२९ ची पळवाट

टपाल खात्यातील आमच्या बांधवांना ५ एप्रिल २०२४ चा दिवस आठवत असेल. त्या दिवशी अंटार्क्टिकातील 'भारती' या भारतीय संशोधन केंद्रावर टपालाची शाखा सुरू झाली आणि तिला एमएच-१७१८ असा प्रायोगिक पिनकोड मिळाला. त्यापूर्वी १९८४ साली 'दक्षिण गंगोत्री'ला पहिले टपाल कार्यालय उघडले होते, ते पुढे गोवा विभागाकडे आले. म्हणजे पृथ्वीचे ते टोक आपल्या सॉर्टिंगच्या टेबलापासून वाटते तितके लांब नाही. म्हणूनच ध्रुवीय समुद्रातील जहाजांच्या इंधनाचा प्रश्न कामगारांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारू नये.

कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर जो चिकट काळा गाळ उरतो, त्यावर मोठी मालवाहू जहाजे चालतात. हे जड तेल थंड असताना पंपाने ओढलेही जात नाही, आधी तापवावे लागते. जहाजमालकांना ते प्रिय आहे ते एकाच कारणाने : ते स्वस्त पडते. कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून उमेदीची वर्षे काढलेले आमचे निवृत्त साथी काजळी म्हणजे काय हे चांगले जाणतात. या तेलाची काजळी बर्फावर बसली की बर्फ काळवंडतो, ऊन परतवण्याऐवजी शोषून घेतो आणि लवकर वितळतो. बर्फ हटला की आणखी जहाजांना वाट मोकळी होते. आणि हे तेल सांडले तर? डिझेलचा बराच भाग उडून किंवा विखरून जातो. जड तेल गार पाण्यात आणखी घट्ट होते, पाणी शोषून फुगते, बर्फाखाली चिकटून बसते. जेथे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, तेथे ते कोण आणि कसे उपसणार?

'सेलेनडांग आयू' या जहाजाची हकीकत आम्हांला या संदर्भात विसरता येत नाही. २००४ च्या डिसेंबरात हे जहाज सोयाबीन घेऊन अमेरिकेतील सिअ‍ॅटलहून चीनकडे निघाले होते. अलास्काच्या उनालास्का बेटाजवळ इंजिन बंद पडले, जहाज वादळात वाहत गेले आणि खडकावर आपटून दुभंगले. खलाशी होते भारत आणि फिलिपाईन्सचे. त्यांना उचलणारे तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर कोसळले आणि सहा खलाशी बुडाले. बारा लाख लिटरहून अधिक इंधन समुद्रात गेले. त्यातले बहुतेक हेच जड तेल. लक्षात घ्या, हे तेलवाहू जहाज नव्हते. ते तेल केवळ त्याचे स्वतःचे इंधन होते. ती जागा ध्रुवीय क्षेत्राच्या ठरलेल्या सीमेच्या दक्षिणेला, मदत त्या मानाने जवळ. तरी ही गत झाली.

दक्षिण ध्रुवापुरता प्रश्न जगाने बऱ्यापैकी सोडवला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ ऑगस्ट २०११ पासून ६० अंश दक्षिणेपलीकडे असे तेल जाळण्यास तर बंदी घातलीच, पण नुसते वाहून नेण्यासही घातली. त्याने काही आकाश कोसळले नाही. उत्तरेचे मात्र तसे झाले नाही. तेथे मालवाहतूक आहे, खाणी आहेत, वायू आहे, म्हणजेच पैसा आहे. पर्यावरण संघटनांनी वर्षानुवर्षे मोहीम चालवली, तेव्हा कुठे २०२१ साली ठराव झाला आणि १ जुलै २०२४ पासून बंदी लागू झाली. पण कशी? ज्यांच्या इंधनटाक्या दुहेरी कवचाच्या, त्यांना १ जुलै २०२९ पर्यंत सूट. शिवाय आर्क्टिकच्या किनाऱ्यावरील देशांना आपल्या पाण्यात आपल्याच झेंड्याखालच्या जहाजांना तितकीच मुदत देण्याची मुभा. वाटाघाटींच्या टेबलावर आयुष्य घालवलेल्या आम्हां कार्यकर्त्यांना ही भाषा ओळखीची आहे. कलम मान्य, अंमलबजावणी पुढच्या करारात!

नॉर्वेने २०२२ च्या १ जानेवारीपासून स्वालबार्ड बेटांभोवतीच्या आपल्या समुद्रात हे तेल बंद केले. त्याच बेटांवर २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' केंद्र आहे. तेव्हा उत्तरेत ते जमत नाही, ही सबब आम्ही मानत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे. स्वच्छ इंधन महाग आहे, आणि उत्तरेकडील इन्युइट वस्त्यांना धान्य, सामान, रॉकेल जहाजानेच येते. वाढलेले भाडे त्यांच्या किराण्यावर बसले तर ती बंदी गरिबाच्या खिशातून होईल. आम्ही याला साफ विरोध करू. खलाशांची संख्या किंवा पगार कापून फरक भरून काढण्यालाही. या जहाजांच्या इंजिनरूममध्ये कोकणातली आणि गोव्यातली पोरेही राबतात. तापवलेल्या तेलाचा वास आणि गाळ त्यांच्याच वाट्याला येतो. फरक जहाजमालकांनी आणि माल पाठवणाऱ्या कंपन्यांनी सोसावा, वस्त्यांच्या पुरवठ्याला लागेल ती मदत त्या त्या सरकारांनी द्यावी.

भारत २०१३ पासून आर्क्टिक परिषदेचा निरीक्षक आहे आणि सागरी संघटनेचा सदस्यही. लंडनला जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनी २०२९ ची वाट न पाहता या सवलती आधीच संपवण्याचा प्रस्ताव मांडावा, आणि जाण्यापूर्वी खलाशांच्या संघटनांना चर्चेला बोलवावे, असे आमचे म्हणणे आहे.